बिनपगारी राखणदार

आमच्या सांगोल्याकडचा माळ म्हणजे पूर्वी ज्वारी, बाजरी आणि मेंढरं. पुढं ‘गणेश’ डाळिंब आलं, ठिबक आलं, माळ हिरवा झाला. फुलं लागली की बाग मधमाश्यांनी घुमायची. फळं पोखरणारी सुरसा अळी तेव्हाही होतीच. किडकी फळं आज्जी वेचून खड्ड्यात पुरायची. पाल्यावर इवलेसे ढालकिडे मावा, पिठ्या ढेकूण खात फिरायचे. आज्जा म्हणायचा, “त्यास्नी मारू नगा. बिनपगारी राखणदार हाइत ती.”

मग ‘भगवा’ आला, परदेशी बाजार आला. फळावर डाग चालेना. त्यात तेल्यानं बागाच्या बागा बसवल्या. तेल्या हा जिवाणूंचा रोग, कीटकनाशकानं तो हटत नाही. पण कर्जाचं ओझं असलं की माणूस भितो. टाकीत सगळंच पडायचं. ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर, औषध त्याला नीट लागत नाही. उघड्यावरचा ढालकिडा मात्र आधी मरतो. मग ढेकूण मोकाट, आणि पुन्हा फवारा.

२००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं. मित्रकिडी हा शब्द शिवारात रुळला. ढेकूण खाणारा क्रिप्टोलेमस भुंगेरा १८९८ सालीच ऑस्ट्रेलियातून भारतात आणला होता. आता तो प्रयोगशाळेत वाढवलेला विकत मिळतो. बहरात मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं येतात, तेवढे दिवस शहाणे बागायतदार फवारा बंद ठेवतात.

राखणदार परत आलेत, पण आता पगार मोजावा लागतो.