ओळख हेच तारण? नाशिकच्या ठेवीदारांचा इतिहास

१/ नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तरीही नोव्हेंबर २०१६ नंतर याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांना जिल्हा बँकेतून स्वतःचे पैसे मिळणे कठीण झाले. पैसे कुठे ठेवावेत, हा प्रश्न येथे केवळ व्याजदराचा नव्हता. तो विश्वासाचा होता.

२/ आरंभ सावकारीपासून. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. लोण नगर जिल्ह्यात पोहोचले. १८७९ च्या कायद्याने ऋणको शेतकऱ्याला न्यायालयात काहीसे संरक्षण मिळाले. कर्ज देणारा मात्र सावकारच राहिला.

३/ पर्याय १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने आला. ग्रामीण संस्थांत जबाबदारी अमर्यादित होती. एकाने कर्ज बुडवले की भार सर्वांवर. म्हणून कर्ज कोणाला आणि कशासाठी द्यायचे, हे शेजारीच पारखत. सभासदाचे भागभांडवल कितीही असो, मत एकच. ओळख हेच तारण.

४/ हीच कल्पना शहरांत व्यापारी आणि नोकरदारांनी उचलली. नाशिक मर्चंट्स सहकारी बँक १९५९ मधली. मात्र शहरी बँकेत जबाबदारी मर्यादित झाली, सभासद हजारोंच्या घरात गेले. चेहरे ओळखीचे उरले. पारख विरळ झाली.

५/ १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा आला. संरक्षण १,५०० रुपयांचे. सहकारी बँका १९६६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या, आणि विम्याखाली १९७१ पासून.

६/ खरी गाठ पुढे आहे. कर्ज घेणाऱ्याला भाग घ्यावे लागतात. तो सभासद होतो, संचालक निवडतो. ठेवीदाराला सभासद होण्याची सक्ती नाही, आणि बहुतेक जण होतही नाहीत. ज्याचा पैसा, त्याला मत नाही. ज्याचे देणे, त्याला मत आहे. अशा वेळी ओळखीचा वशिला व्हायला वेळ लागत नाही.

७/ २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नाशिक मर्चंट्सवर प्रशासक नेमला. निवडणूक होऊन कारभार पुन्हा संचालकांकडे जायला जवळजवळ ५ वर्षे लागली.

८/ १४ नोव्हेंबर २०१६ रोजी जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. त्याआधी घेतलेल्या नोटा बदलून देण्याची मुभा जून २०१७ मध्ये मिळाली. पीककर्जासाठी ज्या बँकेच्या दारात शेतकरी जातो, तिच्यावरच वरून अविश्वास दाखवला गेला. थकीत कर्जांचे ओझे होतेच.

९/ सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. आरंभी खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यास ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पतसंस्थांतील ठेवींना मात्र हा विमा आजही लागू नाही.

१०/ १९०४ ची कल्पना खोटी नव्हती; तिच्यात ओळखीइतकीच पारख होती. म्हणून ठेव ठेवण्यापूर्वी वार्षिक अहवाल मागावा, थकीत कर्जाचा आकडा वाचावा, एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपुढे जाऊ नये. सभासद असाल तर सर्वसाधारण सभेला जावे आणि प्रश्न विचारावा. शेजाऱ्याने पारख करायची, ही अट आपणच सोडून दिली होती.