ट्रामगाडी आणि अलिबागचे लोहचुंबक

चौल, रेवदंडा वा कोर्लईकडे जाणारे आपले बांधव वाटेत अलिबागला थांबतात. भरतीओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ला पाहतात आणि पुढे निघतात. त्याच गावात पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी एक जुनी वेधशाळा आहे, तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही वेधशाळा अलिबागला का आली, याची कथा मोठी मनोवेधक आहे. तिला येथे आणले ते मुंबईच्या ट्रामगाडीने!

आज पन्नाशी-साठीत असलेल्या मुंबईकरालाही ट्राम ठाऊक असेल ती केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून. मुंबईत ट्राम सुरू झाली ती १८७४ च्या मे महिन्यात, आणि ती ओढीत असत घोडे. कुलाब्यापासून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत रस्त्यात बसविलेल्या रुळांवरून ही गाडी धावे. आरंभी २० गाड्या आणि २०० घोडे होते. पुढे घोड्यांची संख्या हजारावर गेली. उन्हाचा ताप होऊ नये म्हणून या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालीत. आज हे वाचून हसू येते; पण त्या काळी हेच वाहन नवलाचे होते.

याच कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली होती. १८४१ पासून तेथे चुंबकीय निरीक्षणेही होऊ लागली. पृथ्वी हेच एक प्रचंड लोहचुंबक आहे. म्हणून तर खलाशाच्या होकायंत्रातील सुई उत्तर दाखविते. परंतु ती नेमकी उत्तरेकडे नसते. स्थळाप्रमाणे थोडी ढळते आणि हे ढळणे वर्षानुवर्षे बदलत जाते. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जोरही सतत किंचित कमीअधिक होत असतो. हे सूक्ष्म फरक टिपण्यासाठी बारीक धाग्याला लोहचुंबक टांगून त्यावर आरसा बसवीत. लोहचुंबक केसभर हलले तरी आरशावरून परावर्तित होणारा प्रकाश दूरवर सरके. आरंभी माणसे डोळ्यांनी वाचन घेऊन आकडे लिहीत. नंतर प्रकाशाची रेघ छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटू लागली.

घोड्यांच्या ट्रामचा या नाजूक यंत्रांना उपद्रव नव्हता. शतक बदलण्याच्या सुमारास मात्र ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले, आणि वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. विजेच्या ट्राममध्ये एकदिश प्रवाह डोक्यावरील तारेतून गाडीत येतो आणि रुळांवाटे परत जातो. त्यातील काही भाग जमिनीत झिरपतो. प्रवाह आला की त्याच्याभोवती चुंबकत्व आलेच! गाडी थांबली, निघाली, चढावर लागली की हा प्रवाह बदलणार आणि टांगलेले लोहचुंबक थरथरणार. मग कागदावर उमटलेली रेघ पृथ्वीची की ट्रामची, हे कोण सांगणार?

त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस, त्या पदावरील पहिले भारतीय. शहर यंत्रांसाठी थांबणार नव्हते. तेव्हा यंत्रांनीच शहर सोडायचे ठरले. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपल्याडचे शांत अलिबाग निवडण्यात आले. लोखंडाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड आणून तेथे इमारती बांधल्या. बिजागऱ्या, कड्या, खिळे हेही तांबे-पितळेचे. एखादी साधी किल्ली खिशात घेऊन यंत्राजवळ गेले तरी वाचन बिघडावे, असे हे काम!

मूस यांनी घाई केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे मुंबई आणि अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. जुन्या जागेचे आकडे नव्या जागेच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय साठ वर्षांची मालिका अखंड राहिली नसती. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा वेधशाळेचे लोहचुंबक समुद्रापलीकडे सुखरूप पोहोचले होते.

नावांचा योगायोगही पाहा. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा आली ती कुलाबा जिल्ह्यात! १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

हा प्रसंग मुंबईवरच आला असे नव्हे. ट्रामच्या विजेमुळे लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय काम स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर या आडगावी न्यावे लागले. चीनमध्ये शांघायजवळ झिकावेई येथे येशूसंघीय धर्मगुरूंची नामांकित वेधशाळा होती. त्यांनाही १९०८ मध्ये आपली चुंबकीय यंत्रे लुकियापांगला हलवावी लागली.

पुढे काय झाले? १९२० मध्ये मुंबईत दुमजली ट्राम आली, १९२६ मध्ये मोटारबस आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. तिच्या जोडीला १९६२ मध्ये आलेली ट्रॉलीबसही १९७१ पर्यंतच टिकली. जिच्यासाठी वेधशाळेने जागा सोडली, ती ट्राम गेली. आणि जागा सोडणारी वेधशाळा शंभर वर्षे उलटून गेल्यावरही अलिबागला काम करीत आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था आता तिचा कारभार पाहते.

या नोंदींचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरील स्फोटाने पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे कोलमडली. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीप्रमाणे आकडे लिहून ठेवले. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते आकडे तपासले, तेव्हा चुंबकत्वाचा जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे दिसले. १९८९ च्या मार्चमध्ये त्याहून पुष्कळ लहान वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास बंद पाडली होती. आज आपली रुग्णालये, बँका, दूरध्वनी सारेच विजेवर आणि उपग्रहांवर अवलंबून आहेत. ते महावादळ पुन्हा आले तर काय होईल, याचा अंदाज बांधण्यासाठी जगभरचे अभ्यासक मुंबईच्या त्या जुन्या वहीकडे वळतात. लिहिणाऱ्यांना याची कल्पनाही नव्हती; दिलेले काम त्यांनी रोजच्या रोज, प्रामाणिकपणे केले, एवढेच.

आता अलिबागही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी घेऊन बोट येते, २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. मुंबई खाडी ओलांडून आली आहे. प्रगती नको, असे कोणी म्हणणार नाही. गावाला रस्ता हवा, रोजगारही हवा. परंतु वेधशाळेला पुन्हा एकदा बिऱ्हाड हलवावे लागले, तर दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षे जोडीने वाचन घेण्याचा तो सारा खटाटोप नव्याने करावा लागेल. म्हणून पुढच्या वेळी अलिबागला जाल, तेव्हा मुलांना किल्ल्याबरोबर या वेधशाळेचीही गोष्ट सांगा. आपल्या गावात काय जपले जात आहे, हे ठाऊक असलेली माणसेच ते पुढेही जपू शकतील.