मनगटातली नस आणि कोल्हापूरचे सोनोग्राफी मशीन

रात्री दोन-तीनच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की जरा बरे वाटते. अंगठा, त्याच्या शेजारचे बोट आणि मधले बोट बधिर होते, करंगळी मात्र ठीक असते. काही महिन्यांनी हातातून कप निसटू लागतो, सुईत दोरा ओवता येत नाही. घरातले म्हणतात, "वात असेल", "हात अंगाखाली दबला असेल", "अशक्तपणा आहे, खात जा नीट."

या दुखण्याला डॉक्टर कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटात आठ छोट्या हाडांची पन्हाळी असते आणि तिच्यावर एक चिवट पट्टा ताणलेला असतो. या अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस, म्हणजे मिडियन नर्व्ह, जाते. आतली जागा कमी झाली की दोऱ्या निभावून नेतात, नस चिरडते. मधुमेह, थायरॉइडचा विकार, गर्भारपण ही त्याची कारणे आहेत. हाताला जोर देऊन तेच ते काम तासन्तास करणे हेही आहे. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास जास्त होतो.

कोल्हापूर जिल्हा हाताच्या कामावर उभा आहे. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून तुटलेला धागा जोडण्यात आणि कांड्या भरण्यात तिथल्या पिढ्या गेल्या. त्यात आपल्या समाजाचे हातही कमी नाहीत. हुपरीचे चांदीकाम, कोल्हापुरी चपलेची शिलाई, आणि घरोघरच्या भाकऱ्या व धुणी. या सगळ्यांत मनगटच झिजते.

ही नस माणसाने पाहिली कशी, याचा इतिहास मोठा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराझच्या मन्सूर इब्न इल्यास या हकिमाने फारसीत शरीररचनेचा ग्रंथ लिहिला. त्यात अख्ख्या माणसाची चित्रे होती आणि त्यांतल्या एका चित्रात मज्जातंतूंचे जाळे रंगवले होते. नसा शरीरात कुठून कुठे जातात हे कागदावर दाखवण्याचा तो फार जुना प्रयत्न. पण जिवंत माणसाच्या आतली नस पाहायला आणखी सहाशे वर्षे लागली.

1854 मध्ये इंग्लंडच्या जेम्स पॅजेटने मनगटाचे हाड मोडल्यावर दबलेल्या या नसेची नोंद केली. 22 डिसेंबर 1895 रोजी राँटजेनने पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला. माणसाच्या शरीरातले ते पहिले गाजलेले चित्र हाताचेच होते. त्यात हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली, नस मात्र दिसली नाही. एक्स-रेमध्ये ती दिसतच नाही.

1913 मध्ये पॅरिसच्या पिएर मारी आणि फ्वा यांनी एका वृद्ध रुग्णाचे मनगट मृत्यूनंतर उघडले. नस पट्ट्याखाली चेपलेली होती आणि पट्ट्याच्या अलीकडे फुगलेली होती. वेळीच ओळखून पट्टा कापला असता तर हात वाचला असता, असे त्यांनी सुचवले. पण ओळखणार कसे? 1956 च्या सुमारास नसेतून विजेचा हलका झटका पाठवून त्याचा वेग मोजण्याची तपासणी आली. ती आजही उपयोगी आहे, पण ती वेग सांगते, नस दाखवत नाही.

दरम्यान ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी 1958 मध्ये ध्वनिलहरींनी पोटाची चित्रे काढून दाखवली. ही सोनोग्राफीची सुरुवात. पोटासाठी वापरायचा प्रोब खोलवर पाहतो, पण बारकावा देत नाही. त्वचेच्या लगत असलेल्या नसेसाठी जास्त कंपनांचा सपाट प्रोब लागतो. तो आल्यावर 1991 मध्ये ऑस्ट्रियाच्या बुखबर्गर आणि सहकाऱ्यांनी मनगटातली दबलेली नस पडद्यावर दाखवली. मारी आणि फ्वा यांना सुरीने उघडल्यावर जे दिसले होते, तेच आता जिवंत माणसात, न कापता, न दुखवता दिसू लागले. आता डॉक्टर मनगटाशी नसेचा आडवा छेद मोजतात. साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या वर गेला तर शंका बळावते. काही मिनिटांचे काम आहे आणि किरणोत्सर्गाचा प्रश्नच नाही.

पण आपल्या जिल्ह्यात हे मशीन दुसऱ्याच कामासाठी बदनाम झाले. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली होत्या फक्त 839. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला होता. केंद्राचा कायदा 1994 चा, आणि 2003 मध्ये तो कडक झाला. तरी मुली कमी होतच होत्या. मग जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी इथल्या सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे यंत्र जोडायला लावले. प्रत्येक तपासणीची चित्रे त्यात साठवली जात. रेडिओलॉजिस्टांची संघटना रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट 2011 मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

मला तो निकाल योग्य वाटतो. मुलीला जिवंत पुरणाऱ्या जाहिलियतच्या काळाला कुरआनने जाब विचारला आहे. ते आपण लहानपणापासून ऐकतो. गर्भात मारणे ही तीच रीत नव्या यंत्राने. तेव्हा पहारा हवाच होता. त्याचा एक परिणाम असा की मशीन फक्त मनगट पाहण्यासाठी घ्यायचे असले तरी नोंदणी लागते, आणि हलवता येण्याजोग्या मशीनवर तर आणखी बंधने आहेत. सूतगिरणीच्या दारात शिबिर घेऊन मनगटे तपासणे म्हणूनच सोपे नाही. यात दोष कायद्याचा कमी, ज्यांनी तो करायला भाग पाडले त्यांचा जास्त.

खरी टोचणी वेगळीच आहे. गर्भारपणात अंगाला सूज येते आणि ही नस दबण्याचा त्रास याच काळात बऱ्याच जणींना होतो. म्हणजे सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेल्या बाईचा हात कदाचित त्याच क्षणी बधिर असतो. मशीन वीतभर अंतरावर आहे. घरच्यांचे डोळे पोटावर आहेत, सरकारचा पहारा पोटावर आहे. हाताचे कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. यंत्राला आपण जे विचारतो तेच ते दाखवते, आणि आपण अनेक वर्षे त्याला मुलगा आहे का एवढेच विचारत राहिलो.

त्रास लवकर कळला तर रात्री मनगटाला पट्टी बांधून, कामाची पद्धत बदलून किंवा इंजेक्शनने भागू शकते. उशीर झाला तर ऑपरेशन करावे लागते. त्याहून उशीर झाला तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकतो आणि मग ऑपरेशननेही ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. यंत्रमागावर किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून घरात अम्मी, खाला, भाभी रात्री उठून हात झटकताना दिसली तर "वात असेल" म्हणून कूस बदलू नका. कोणती बोटे बधिर होतात ते विचारा. करंगळी सोडून बाकीची असतील तर डॉक्टरांना नेमके तेच सांगा, आणि नसेची तपासणी करायची का, हेही विचारा.