परभणी जिल्ह्यातील नवशिक्याचा कॅमेरा : साधनाची निवड आणि दृश्य पुराव्याच्या मर्यादा

छायाचित्राचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः चित्रात काय दिसते याकडे जाते. ते कशामुळे दिसू शकले आणि काय दिसू शकले नाही, हा प्रश्न मागे राहतो. ताम्रपटाच्या बाबतीत धातू, लिपी व कोरणी यांची चिकित्सा केल्याखेरीज कोणीही निष्कर्ष काढीत नाही. जुन्या छायाचित्राला मात्र हा नियम क्वचितच लावला जातो. मराठवाड्यातील, विशेषतः परभणी जिल्ह्यातील, विसाव्या शतकाचा सामाजिक इतिहास लिहिताना घरोघरच्या चित्रसंग्रहांचा आधार घ्यावाच लागेल. तेव्हा हौशी व नवशिक्या माणसाला परवडणारा कॅमेरा कोणता होता, त्याची निवड कोणत्या कारणांनी होत असे आणि त्या निवडीने दृश्य पुराव्याला कोणता आकार दिला, याचा विचार प्रथम होणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात प्रकाशलेखनाची कला लवकर रुजली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान तिच्या कार्यात सहभागी झाले. तथापि हा उद्योग राजधानीच्या शहरातील संपन्न व सुशिक्षित वर्गाचा होता. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असल्याने त्याचे तोंड एका बाजूने हैदराबादकडे व दुसऱ्या बाजूने मुंबईकडे असे. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी दरबारी छायाचित्रणाचा उच्च आदर्श निर्माण केला. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी छायाचित्रणाच्या आधारे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. या दोन्ही कामांमागे राजाश्रय होता. त्यांतील यंत्रे, रसायने व मदतनीस यांचा खर्च व्यक्तीला पेलणारा नव्हता. म्हणून दरबारी छायाचित्रणाचा इतिहास म्हणजे जिल्ह्यातील छायाचित्रणाचा इतिहास नव्हे, हे आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे.

सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा देण्याचे कार्य पेटीच्या आकाराच्या स्वस्त यंत्राने केले. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने १८८८ साली जो पहिला कोडॅक कॅमेरा काढला त्याची किंमत २५ डॉलर होती. त्याच कंपनीच्या १९०० सालच्या ब्राउनीची किंमत अवघी १ डॉलर होती. किमतीतील ही घट केवळ कारखानदारीच्या कौशल्याने झाली नाही. यंत्रातून काय काय काढून टाकता येईल याचा विचार तिच्या मुळाशी होता. साधे एकेरी भिंग, एकच वेग असलेली झडप, अंतर जुळविण्याची सोय नाही आणि छिद्र लहानमोठे करण्याची सोय नाही किंवा अगदी थोडी : पेटी कॅमेऱ्याचे स्वरूप असे होते. पुढे १९०१ साली निघालेली १२० क्रमांकाची गुंडाळीची फिल्म या जातीच्या यंत्रांची दीर्घकाळ सोबतीण ठरली.

मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. तो परभणी, सेलू व पूर्णा या गावांवरून जात असल्यामुळे मुंबईचा माल जिल्ह्यात येणे सुलभ झाले. परंतु वाट सुलभ झाली म्हणजे वस्तू स्वस्त झाली असे नव्हे. हैदराबाद संस्थानची जकात वेगळी होती आणि नाणेही वेगळे होते. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये हे नाणेविनिमयाचे प्रमाण होते. म्हणजे जी वस्तू मुंबईत २४ कलदार रुपयांस मिळे, तिला जकात व वाहतूक धरण्यापूर्वीच २८ हाली रुपये मोजावे लागत. विनिमयाने वस्तूचे खरे मोल वाढत नसले, तरी ज्याची मिळकत हाली नाण्यात होती त्याला कलदारी किमतीची वस्तू दूरची वाटे, हे उघड आहे.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ही आर्थिक सीमा हळूहळू नाहीशी झाली. परभणी जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पण सीमेची अडचण संपते न संपते तोच दुसरी अडचण उभी राहिली. स्वतंत्र भारताने परकीय चलन वाचविण्यासाठी आयातीवर कडक नियंत्रण ठेवले आणि कॅमेरा ही यंत्रसामग्रीच्या तुलनेत गौण वस्तू ठरली. जर्मन व जपानी बनावटीचा उत्तम कॅमेरा नवशिक्याच्या आवाक्याबाहेर गेला. या परिस्थितीत नवशिक्यासमोर दोन मार्ग राहिले : देशात बनणारा साधा कॅमेरा आणि रुपयात होणाऱ्या व्यापारातून येणारा सोव्हिएत कॅमेरा.

पहिल्या मार्गाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने बनविलेला आग्फा क्लिक-३ होय. १९६० नंतरच्या दोन दशकांत भारतातील असंख्य कुटुंबांचा तो पहिला कॅमेरा होता. १२० क्रमांकाच्या एका रोलवर त्यात चौरस आकाराची १२ चित्रे निघत. पाठीमागच्या लाल खिडकीतून रोलचा आकडा पाहून किल्ली फिरवायची, ऊन आहे की ढगाळ आहे ते पाहून खूण जुळवायची आणि खटका दाबायचा, एवढेच त्याचे शास्त्र होते. याच कारखान्याच्या आयसोली कॅमेऱ्यात त्याच रोलवर लहान आकाराची १६ चित्रे निघत. फिल्मसाठी परदेशावर अवलंबून राहणे कमी व्हावे म्हणून १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली व १९६७ साली तेथे उत्पादन सुरू झाले.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण लेनिनग्राडच्या ल्युबिटेल-२ चे आहे. १९५५ पासून बनत असलेल्या या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यात रोल तोच १२० क्रमांकाचा होता, पण यंत्र संपूर्णपणे हाताने जुळवावयाचे होते. झडपेचे वेग सेकंदाच्या पंधराव्या भागापासून अडीचशेव्या भागापर्यंत होते. खटका दाबून धरावा तोपर्यंत उघडी राहणारी झडप हीही सोय त्यात होती. छिद्राचे माप ४·५ पासून २२ पर्यंत बदलता येई. रोल पुढे सरकविणे व झडप ताणणे या दोन क्रिया स्वतंत्र असल्यामुळे विसरभोळ्या माणसाच्या हातून एकाच जागी दोन चित्रे उमटत. पण याच दोषामुळे प्रत्येक क्रिया समजून करण्याची शिस्त लागे. पुढे ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा सोव्हिएत झेनिट-ई आणि जपानी पेंटॅक्स के-१००० ही शिकाऊ माणसाची यंत्रे म्हणून जगभर मान्य झाली. के-१००० चे उत्पादन १९७६ ते १९९७ असे दोन दशके चालू राहिले.

या निवडीत कॅमेऱ्याची विक्रीची किंमत निर्णायक होती असे समजणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. कॅमेरा एकदाच विकत घ्यावा लागतो, चित्राचा खर्च मात्र दर वेळी येतो. १२० च्या रोलवर १२ चित्रे निघतात आणि ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६. यावरून दुसरा प्रकार स्वस्त वाटेल. परंतु चौरस निगेटिव्हची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर म्हणजे सव्वादोन इंच असते. तिचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. एवढी मोठी निगेटिव्ह कागदावर प्रत्यक्ष ठेवून प्रत काढली तरी त्या प्रतीतला माणूस ओळखू येतो. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची तशी प्रत नखाएवढ्या चेहऱ्यांची होते. तिला एन्लार्जर लागतो, एन्लार्जरला वीज लागते आणि विजेसाठी शहर लागते. ज्या काळी जिल्ह्यातील बहुसंख्य खेड्यांत वीज पोचली नव्हती, त्या काळी मोठ्या निगेटिव्हचा साधा कॅमेरा हीच व्यवहाराची निवड होती. भिंगाच्या गुणवत्तेचा प्रश्न त्यानंतरचा होता.

हवामानाचाही यात वाटा होता. निगेटिव्ह धुण्याच्या रसायनांची प्रमाण उष्णता २० अंश सेंटिग्रेड मानली जाते. परभणीचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. उन्हाळ्यातले साठविलेले पाणी वापरले तर फिल्मवरील सरसाचा थर फुगतो, मऊ पडतो व प्रसंगी सुटून येतो. यावर उपाय म्हणजे पहाटे काम करणे, माठातले थंड पाणी वापरणे, फुगणे रोखण्यासाठी रसायनात सोडियम सल्फेट घालणे आणि थर कठीण होण्यासाठी तुरटीच्या वर्गातील क्षार वापरणे. मोठ्या निगेटिव्हवर थोडे ओरखडे पडले तरी विवर्धन न करता काढलेल्या प्रतीत ते फारसे जाणवत नाहीत. लहान निगेटिव्हमध्ये मात्र तेच ओरखडे विवर्धनाबरोबर वाढतात. उष्ण प्रदेशातील नवशिक्याला मोठा रोल जवळचा वाटावा, यास हे आणखी एक कारण झाले.

आता या साधनाने पुराव्यावर घातलेल्या मर्यादा पाहू. क्लिकसारख्या कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाइतकी उघडते. पोळ्याच्या दिवशी ताशी १८ किलोमीटर वेगाने धावणारा बैल तेवढ्या अवधीत सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकतो. १० फुटांवरून आडवे चित्र घेतल्यास निगेटिव्हवर ४ मिलिमीटरचा फराटा उमटतो, म्हणजे चित्र वाया जाते. ल्युबिटेलच्या अडीचशेव्या भागाच्या वेगाने हाच फराटा अर्धा मिलिमीटर राहतो. म्हणून पेटी कॅमेऱ्याच्या काळातील चित्रात बैल सजवून उभा केलेला आढळला, तर त्यावरून सणात मिरवणुकीपेक्षा पूजेला महत्त्व होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. धावता बैल त्या यंत्राला टिपताच येत नव्हता.

हीच गोष्ट प्रकाशाची. चारठाण्याच्या जुन्या मंदिरांचे बाह्यांग, तेथील दीपस्तंभ, अंगणातील मंडळी हे सर्व साध्या कॅमेऱ्याला उन्हात साध्य होते. मंडपाच्या आतील स्तंभ मात्र तिपाई व दीर्घकाळ उघडी राहणारी झडप यांवाचून साध्य नव्हते. घराच्या माजघराचे व स्वयंपाकघराचेही तसेच. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे व प्रत्येक चित्राचा खर्च वाढवी. परिणामी अंगण, ओटा, शेत व रस्ता यांची चित्रे अधिक आणि घरातील अंतर्भागाची कमी, असा असमतोल अशा संग्रहांत अपेक्षित धरला पाहिजे. स्त्रियांच्या श्रमाचा मोठा भाग ज्या अंधाऱ्या खोल्यांत होत होता, तो भाग या यंत्राच्या नजरेबाहेर राहिला. त्या अनुपस्थितीला सामाजिक संकोच हे कारण असेलही, पण झडपेचा वेग आणि भिंगाचे छिद्र हीही कारणे आहेत. दोन्हींतील भेद न करणारा अभ्यास अपुरा ठरतो.

अंतराची मर्यादा याहून सूक्ष्म आहे. अंतर न जुळविता येणारे भिंग साधारण १० फुटांपलीकडे स्पष्ट चित्र देते. त्यामुळे माणसे पूर्णाकृती, रांगेत व थोडी दूर उभी दिसतात. या ठेवणीला केवळ औपचारिकता म्हणणे योग्य नव्हे. स्टुडिओतील चित्रात औपचारिकता मुद्दाम आणलेली असे, घरच्या चित्रात ती पुष्कळ अंशी भिंगाने लादलेली असे.

१९८० नंतर रंगीत फिल्म व ती यंत्राने धुणाऱ्या प्रयोगशाळा यांचा प्रसार झाला आणि ३५ मिलिमीटरचा लहान स्वयंचलित कॅमेरा पुढे आला. विजेची व विवर्धनाची अडचण संपताच मोठ्या निगेटिव्हचे प्रयोजनही संपले. चित्रे वाढली, माणसे कॅमेऱ्याच्या जवळ आली, घरातील प्रसंग दिसू लागले. १९८० च्या आधीच्या व नंतरच्या संग्रहांतील हा फरक कुटुंबजीवनातील बदलाचा पुरावा म्हणून वाचण्यापूर्वी त्यातील यंत्राचा भाग वजा करावा लागतो.

ही चिकित्सा व्यवहारात आणणे कठीण नाही. सव्वादोन इंच बाजूची चौरस प्रत दिसली तर ती १२० च्या रोलची प्रत्यक्ष प्रत असण्याचा संभव मोठा. सव्वादोन इंच गुणिले सव्वातीन इंच मापाची प्रत एका रोलवर ८ चित्रे देणाऱ्या कॅमेऱ्याची निदर्शक होय. निगेटिव्ह उपलब्ध असेल तर तिची मापे, कडेची अक्षरे व क्रमांक यांची नोंद प्रथम करावी, कारण रोलमधील चित्रांचा क्रम त्यावरून लागतो. संग्रह जमविणाऱ्याने चित्रातील माणसांची नावे विचारावीत, तसेच कॅमेरा कोणाचा, रोल कोठून येई आणि धुण्यास कोठे जाई, हेही विचारावे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे यंत्र स्वतः हाताळून पाहणे सर्वांत उपयुक्त. त्यासाठी महाग कॅमेऱ्याची गरज नाही, मात्र निवड डोळसपणे व्हावी. ६२० क्रमांकाची फिल्म १९९५ साली बंद झाल्याने तिच्यावर चालणारे जुने पेटी कॅमेरे खटपटीवाचून चालत नाहीत. १२० व ३५ मिलिमीटर या फिल्म आजही बनतात, म्हणून त्यांवर चालणारे यंत्रच घ्यावे. भिंग उजेडासमोर धरून बुरशी पाहावी, झडप प्रत्येक वेगावर वेगळा आवाज करते की नाही हे ऐकावे, पाठीमागचे झाकण घट्ट बसते याची खात्री करावी आणि जुन्या प्रकाशमापकावर विसंबू नये. वेग, छिद्र व अंतर ही तिन्ही हाताने जुळविता येणारा कॅमेरा शिकण्यास उत्तम, कारण प्रत्येक चित्राच्या वेळी कशाचा त्याग करून काय मिळविले हे तो वापरणाऱ्यास सांगतो. ज्याने स्वतः १२ चित्रांचा एक रोल विचारपूर्वक संपविला आहे, त्याला जुन्या चित्रातील ऊन, अंतर व स्तब्धता यांचा अर्थ लावताना घाई होणार नाही.

जिल्ह्यातील अशा प्रती व निगेटिव्ह उष्णता, दमट पावसाळा व दुर्लक्ष यांमुळे झिजत आहेत आणि त्या काढणारी पिढीही वृद्ध झाली आहे. कागद उरला आणि कॅमेऱ्याची हकीकत हरपली, तर पुराव्याचा अर्धा भाग नष्ट झाला असेच म्हणावे लागेल.