रानफुलाचा फोटो टाकताय? आधी लोकेशनचं बघा

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये सह्याद्रीतल्या एका गडावर मला कंदीलपुष्प दिसलं. गवतात लपलेलं वीतभर रोप आणि त्याला छोट्या आकाशकंदिलासारखं फूल. या कुळातल्या काही जाती फक्त महाराष्ट्रातच सापडतात. मी लगेच फोटो काढला आणि गडाच्या नावाच्या टॅगसकट इन्स्टाग्रामवर टाकला. खाली एकाने विचारलं, "नेमकं कुठे?" मी मदत करायच्या उत्साहात लिहिलं, "दुसऱ्या टाक्यापासून डावीकडे."

पुढच्या पावसाळ्यात तिथे गेलो तर चार खड्डे. या झाडाला जमिनीखाली कंद असतो आणि तोच उकरून नेलेला. साळिंदरही कंद खातं, पण साळिंदर खुरपं वापरत नाही. माझ्या कमेंटमुळेच हे झालं असं सिद्ध करता येणार नाही. कमेंट मात्र मी डिलीट केली, अर्थात वर्षभर उशिरा.

मग निसर्गातलं काही शेअरच करू नये का? तसंही नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल बघा. भारतातल्या ९४२ पक्षी प्रजातींची परिस्थिती त्यात मांडली आहे आणि ती ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या ३ कोटी नोंदींवरून. यातले बहुतेक लोक तुमच्या-माझ्यासारखे हौशी. नोंदच नसेल तर एखादी जात कमी होतेय हे कळणार कसं? त्यामुळे नोंद करायचीच, पण योग्य जागी आणि योग्य सेटिंग लावून.

मी यासाठी आयनॅचरलिस्ट वापरतो. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विद्यार्थ्यांचा हा प्रोजेक्ट होता, आता स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. अ‍ॅप फुकट आहे. झाड, किडा, साप, बुरशी, कशाचाही फोटो टाका, अ‍ॅप नाव सुचवतं आणि मग जगभरातले जाणकार ते तपासतात. फोटो, तारीख आणि ठिकाण असेल, जीव पाळलेला किंवा लावलेला नसेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं (किमान दोघं तरी हवेत), तर नोंद 'रिसर्च ग्रेड' होते. लायसन्स परवानगी देत असेल तर ती पुढे जीबीआयएफ या जागतिक डेटाबेसमध्ये जाते, जिथून संशोधक डेटा घेतात.

अ‍ॅपने सुचवलेल्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एखाद्या प्रजातीचे साधारण शंभर फोटो जमल्याशिवाय ती मॉडेलला शिकवलीच जात नाही. आपल्याकडच्या कित्येक जातींचे तेवढे फोटोच नाहीत, मग मॉडेल माहितीतलं काहीतरी जवळचं सुचवतं. खात्री नसेल तर नुसतं 'फुलझाड' किंवा 'कोळी' एवढंच निवडा, चालतं.

आता मुद्द्याचं सेटिंग: जिओप्रायव्हसी. नोंद अपलोड करतानाच हा पर्याय दिसतो आणि त्यात तीन प्रकार आहेत. 'ओपन' म्हणजे अचूक जागा सगळ्यांना दिसणार. 'प्रायव्हेट' म्हणजे नकाशावर काहीच नाही, पण मग ओळखणाऱ्यालाही हे सह्याद्रीतलं की आसाममधलं कळत नाही. 'ऑब्स्क्युअर्ड' हा मधला मार्ग आणि दुर्मीळ गोष्टींसाठी मी हाच निवडतो. धोक्यात असलेल्या म्हणून नोंदलेल्या बऱ्याच प्रजातींना अ‍ॅप हे आपोआप लावतं, पण सगळ्यांना नाही.

ऑब्स्क्युअर्ड केल्यावर पडद्यामागे काय होतं ते मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी पहिली कल्पना अशी होती की खऱ्या जागेभोवती थोडी गडबड करून बिंदू सरकवत असतील. तसं असतं तर कोणीही त्याच जागेच्या पन्नास नोंदी घेऊन सरासरी काढली असती आणि खरी जागा हातात आली असती. म्हणून त्यांनी नकाशावर ०.२ अंशांचे ठरलेले चौकोन पाडलेत. आपल्याकडे अशा एका चौकोनाची बाजू २०-२२ किलोमीटर भरते. तुमची नोंद ज्या चौकोनात पडते, त्यातलाच कुठलाही एक बिंदू दाखवला जातो. सरासरी काढून चौकोनाचं केंद्र मिळेल फक्त. तारीखही लपते, इतरांना नुसता महिना आणि वर्ष दिसतं. कारण त्याच दिवशी तुम्ही गडावरच्या सरड्याची उघडी नोंद केली असेल, तर दोन्ही जोडून गड ओळखता येतो. अचूक जागा सर्व्हरवर सुरक्षित राहते आणि विश्वासातल्या संशोधकाला तुम्ही ती दाखवू शकता.

पण तुम्ही वर्णनात गडाचं नाव लिहिलंत तर या सगळ्याचा काही उपयोग नाही. वर्णन आणि कमेंट कोणी लपवत नाही. फोटोत मागे ओळखीचा बुरूज आला असेल तरी तेच. मी आता फुलाचा क्लोजअप घेतो.

फोटोच्या फाईलचंही लक्षात ठेवा. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फाईलमध्येच लिहिले जातात आणि मोकळ्या आकाशाखाली ते काही मीटरपर्यंत अचूक असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. ट्रेकच्या ग्रुपवर क्वालिटी चांगली राहावी म्हणून आपण नेमकं तेच करतो! आयफोनवर शेअर करताना वर 'ऑप्शन्स'मध्ये लोकेशन बंद करता येतं. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद ठेवू शकता, पण मग नोंद करताना नकाशावर जागा हाताने द्यावी लागते.

आणि कोणी झाडं उकरताना, कासव पकडताना किंवा वणवा लागलेला दिसला तर स्टोरी टाकत बसू नका. १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, आत्ताच सेव्ह करा. तिथे मात्र जागा जितकी अचूक सांगाल तितकं बरं.

गेल्या सप्टेंबरमध्ये त्याच गडावर, जुन्या जागेपासून बऱ्यापैकी लांब, मला परत एक कंदीलपुष्प दिसलं. नोंद ऑब्स्क्युअर्ड आहे. ओळखणाऱ्यांपैकी एकाने खाली विचारलंय, नेमकं कुठे? त्याचं प्रोफाइल बघतोय, अजून उत्तर दिलेलं नाही.