पुरोगामी राजकीय कुटुंब : वारशाचे दोन मार्ग आणि हिंजवडी

'पुरोगामी राजकीय कुटुंब' ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने योजली आहे. ज्या कुटुंबातील किमान दोन पिढ्यांनी निवडणुकीद्वारे पदे धारण केली आणि प्रचलित समाजव्यवस्थेत बदल घडविणे हे आपल्या राजकारणाचे प्रयोजन म्हणून जाहीर केले, ते कुटुंब या संज्ञेस पात्र होय. पहिली अट अभिलेखांवरून तपासता येते. दुसरी तशी तपासता येत नाही. तिचे पोटविभाग करावे लागतात.

पुरोगामित्वाचे प्रकार तीन. (१) सामाजिक : स्त्री, जात व अंधश्रद्धा यांविषयीचे. (२) वर्गीय : शेतकरी व कामगार यांच्या हितसंबंधांविषयीचे. (३) विकासात्मक : पाणी, उद्योग व तंत्रज्ञान यांच्या प्रसारास प्रगती मानणारे. हे तीन प्रकार एकाच व्यक्तीत एकत्र नांदू शकतात; परंतु एकाच्या अस्तित्वावरून दुसऱ्याचे अनुमान निघत नाही. सामान्य चर्चेत ते सर्रास काढले जाते, आणि निम्मे वाद तेथूनच उद्भवतात.

कुटुंब या पदाचेही तीन घटक धरावे लागतात : रक्तसंबंधी, विवाहसंबंधी आणि सहकारी. आता प्रमेय असे मांडता येईल. अशा कुटुंबात सत्तेचा वारसा प्रायः रक्तसंबंधाने जातो. विचाराचा वारसा मात्र बहुतांशी विवाहसंबंधी व सहकारी यांच्याकरवी, आणि तोही एखाद्या स्थायी संस्थेचा आधार असेल तरच, पुढे जातो.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ, कारण ते पूर्ण झालेले आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे रॉबर्ट ला फॉलेट १९०१ पासून १९०६ पर्यंत राज्यपाल आणि त्यानंतर १९२५ मध्ये मृत्यू येईपर्यंत सिनेटर होते. १९२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी पुरोगामी उमेदवार म्हणून सुमारे १७ टक्के मते मिळविली, पण राज्य एकच जिंकले, ते स्वतःचे. त्यांच्या पत्नी बेल केस यांनी १८८५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली होती. ती मिळविणाऱ्या त्या तेथील पहिल्या स्त्री. स्त्रियांचा मताधिकार आणि सरकारी कचेऱ्यांतील वर्णभेद या प्रश्नांवर त्यांनी सातत्याने लिहिले. सत्ता पुत्रांकडे गेली : थोरला रॉबर्ट सिनेटर झाला, धाकटा फिलिप राज्यपाल. १९४६ मध्ये थोरल्याचा पक्षांतर्गत निवडणुकीत जोसेफ मॅकार्थी यांनी पराभव केला आणि सिनेटमधील सत्तेची रेषा तुटली.

विचाराची रेषा तुटली नाही. विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स हे या कुटुंबाचे सहकारी. बेकारांना भत्ता देणारा १९३२ चा विस्कॉन्सिनचा कायदा कॉमन्स यांच्या शिष्यवर्गातून घडला, आणि १९३५ च्या अमेरिकी सामाजिक सुरक्षा कायद्याच्या सिद्धतेत त्यांचेच शिष्य एडविन विट्टे व आर्थर आल्टमायर प्रमुख होते. येथे विद्यापीठ ही स्थायी संस्था; तिच्यावाचून कॉमन्स एक सल्लागार मात्र राहिले असते.

महाराष्ट्रातील निकटतम उदाहरण बारामतीच्या पवार कुटुंबाचे. शारदाबाई गोविंदराव पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. त्यांचा वैचारिक कल पुढे शेतकरी कामगार पक्षाकडे राहिला. म्हणजे या कुटुंबात पहिला व दुसरा प्रकार मातेकडून आला, आणि पित्याकडून सहकारी चळवळीचा अनुभव.

या कुटुंबातील पहिला जाहीर मतभेद १९६० चा. केशवराव जेधे यांच्या निधनाने बारामतीची लोकसभेची जागा रिक्त झाली. शारदाबाईंचे थोरले पुत्र वसंतराव शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार. त्यांचे धाकटे बंधू शरद पवार यांनी काम केले काँग्रेसचे गुलाबराव जेधे यांच्यासाठी; गुलाबराव हे केशवरावांचे पुत्र. निवडून गुलाबराव आले. (केशवराव हे स्वतः शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी, पुढे ते काँग्रेसमध्ये परतले होते. म्हणजे संस्थापकाचा पुत्र त्या पक्षाविरुद्ध उभा होता. मराठी राजकारणात विचार आणि घराणे यांची गुंतागुंत किती जुनी आहे, हे यावरून कळावे.) या मतभेदाचे लक्षण असे की, दोन्ही बाजू परस्परांपासून कार्यक्रमाने भिन्न होत्या, नात्याने नव्हे.

दुसरा मतभेद विवाहसंबंधाने आला आणि अर्धशतक टिकला. प्रा. एन. डी. पाटील हे शारदाबाईंचे जामात, शेतकरी कामगार पक्षाचे नेते. १९७८ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री झाले तेव्हा पाटील सहकारमंत्री होते. पुढे एन्रॉन प्रकल्प आणि रायगडमधील विशेष आर्थिक क्षेत्र या दोन्ही प्रश्नांवर पाटील यांनी विरोध संघटित केला. एन्रॉनशी वीजखरेदीचा करार १९९३ मध्ये झाला तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते. तरीही रयत शिक्षण संस्थेत दोघे एकत्र काम करीत राहिले, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षपद पाटील यांनी दीर्घकाळ सांभाळले. प्रमेयाचे दोन्ही भाग येथे दिसतात : पहिल्या व दुसऱ्या प्रकारचे पुरोगामित्व जामाताने जपले, आणि रयत व अंधश्रद्धा निर्मूलन समिती या संस्थांच्या आधाराने ते टिकले.

तिसरा मतभेद २०२३ चा : शरद पवार आणि त्यांचे पुतणे अजित पवार यांच्यातील पक्षफुटीचा. त्याचे फलित म्हणजे २०२४ मध्ये बारामती लोकसभा मतदारसंघात शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे व अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार यांची लढत आणि त्याच वर्षी विधानसभेला अजित पवार व त्यांचे पुतणे युगेंद्र पवार यांची. दोन्ही गट शाहू, फुले व आंबेडकर यांचेच नाव घेत. भेद होता तो भाजपशी युती करावी की नाही, याचा. हा भेद गौण नाही. परंतु १९६० प्रमाणे शेती, कामगार वा शिक्षण यांविषयीच्या दोन कार्यक्रमांत तो मांडता येत नाही. येथे वाद सत्तेच्या मार्गावर झाला, विचाराच्या मार्गावर क्वचितच.

आता शरद पवार यांच्या शासनकालांचा हिशेब प्रकारवार मांडावा. पहिल्या प्रकारात नोंदी ठळक आहेत : १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव, १९९४ मध्ये नामविस्तार, त्याच वर्षीचे महिला धोरण. दुसऱ्या प्रकारात नोंद विरुद्ध दिशेची आहे. १९८९ मध्ये टेल्कोच्या पिंपरी कारखान्यातील राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील कामगार शनिवारवाड्यावर उपोषणास बसले असता पोलिसांनी त्यांना उचलले, तेव्हा मुख्यमंत्री पवारच होते. या दोन नोंदींत विसंगती शोधणे व्यर्थ आहे. त्या दोन भिन्न प्रकारांच्या नोंदी आहेत. तिसऱ्या प्रकाराची नोंद हिंजवडीत आहे.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. येथे साखर कारखाना उभारण्याचे घाटत होते. भूमिपूजनाच्या वेळीच आपण तो अन्यत्र नेण्यास सांगितले आणि ही जागा आयटीसाठी राखली, असे पवारांनी जाहीर भाषणांतून सांगितले आहे. संत तुकाराम सहकारी साखर कारखाना पुढे कासारसाई-दारुंब्रे येथे झाला, आणि हिंजवडी व माण परिसरात एमआयडीसीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले. या निर्णयात एक स्थित्यंतर सामावले आहे. साखर कारखान्यात शेतकरी सभासद असतो. त्याला मत असते. एमआयडीसीच्या क्षेत्रात तो भूधारक म्हणून मोबदला घेतो आणि व्यवहारातून बाहेर पडतो. विकासात्मक पुरोगामित्व पुढे गेले. वर्गीय पुरोगामित्वाचे वाहन असलेली सहकारी संस्था बाजूस सरली.

तिच्या जागी दुसरी संस्था आली नाही. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांत संघटना होत्या आणि आहेत. आयटी क्षेत्रात ती परंपरा रुजली नाही. परगावाहून आलेल्या अभियंत्याचे नाव बहुधा मूळ गावच्या मतदारयादीत राहते. रस्ता, पाणी व कचरा यांची जबाबदारी ग्रामपंचायती, एमआयडीसी आणि २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांच्यात विभागली आहे, आणि महापालिकेत समावेशाची मागणी अधूनमधून उठते. हिंजवडी भोर विधानसभा व बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते. २०२४ मध्ये येथून लोकसभेवर सुप्रिया सुळे गेल्या आणि काही महिन्यांत विधानसभेवर अजित पवार यांच्या पक्षाचे शंकर मांडेकर. कुटुंबाच्या दोन्ही शाखांना येथे सत्ता मिळाली. येथील श्रमिकाचा प्रश्न मांडणारा एन. डी. पाटील कोणत्याही शाखेस मिळाला नाही.

तथापि पहिला व तिसरा प्रकार याच भूमीत एकमेकांना छेदतात, आणि हा छेद सूक्ष्म अवलोकनास पात्र आहे. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहदायाद ठरली. ही दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना तिने वगळले. आयटी पार्कच्या विस्ताराने या गावांतील जमिनीची किंमत वाढण्याचा काळ त्यानंतरचा. परिणामतः ज्या जमिनीवर पूर्वी केवळ भावांचा विचार होई, तिच्या मोबदल्यात व विक्रीत बहिणीची संमती कायद्याने आवश्यक झाली.

व्यवहारात या तरतुदीस हक्कसोडपत्राने उत्तर दिले. बहीण स्वेच्छेने हिस्सा सोडते अशा आशयाचा दस्त नोंदविला जातो आणि सातबाऱ्यावर भावांचीच नावे राहतात. कायदा हक्क देतो. तो सोडण्याचा अधिकारही त्या हक्कातच असतो, म्हणून या दस्तात बेकायदा काही नाही. पण स्वेच्छा तपासण्याची यंत्रणा दुय्यम निबंधकाकडे नाही. ती एखाद्या संघटनेकडेच असू शकली असती.

केंद्राने २००५ मध्ये हाच हक्क देशभर दिला आणि विवाहाची अट काढली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात हा हक्क जन्मसिद्ध असून वडील हयात असण्यावर अवलंबून नाही, असे स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री व वाटण्या या कायद्याने अबाधित ठेवल्या. म्हणून १९९४ पूर्वी सासरी गेलेली आणि जिच्या माहेरची जमीन २००४ च्या त्या तारखेआधी विकली गेली, अशी हिंजवडीची लेक दोन्ही कायद्यांच्या कक्षेबाहेर राहते.