पित्त, सोनामुखी आणि पित्ताशय : एका शब्दाने घातलेल्या गोंधळाचा इतिहास

१/ नाशिक, १९०७. गोदाकाठच्या या नगरीत शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने देशभरातील वैद्यांचे संघटन उभे राहिले. तेच आजचे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलन. पदेशास्त्री हे ‘आर्यभिषक्’ या ग्रंथाचे कर्ते. वनौषधींचे गुण मराठीत सांगणाऱ्या या ग्रंथामुळे पोथीतील ज्ञान साक्षर घरांच्या फडताळापर्यंत पोहोचले.

२/ या परंपरेत रेचकांचे स्थान मोठे. हिरडा, बहावा, निशोत्तर, एरंडेल, सोनामुखी ही नावे महाराष्ट्रातील आजीबाईच्या बटव्यातही सापडतात. ‘पोट साफ झाले की पित्त पडते’ ही समजूत त्यांच्याच सोबतीने आली. मग एक प्रश्न उरतो. रेचक घेतल्याने यकृताखालच्या त्या छोट्या पिशवीचे, म्हणजे पित्ताशयाचे, नेमके काय होते?

३/ आरंभ चरकसंहितेपासून करावा लागतो. पित्तदोषावर विरेचन हा श्रेष्ठ उपाय, असे चरकाचे मत. रेचकांची प्रतवारीही तेथे आहे : सुखाने रेच देणारे निशोत्तर, मृदू बहावा आणि तीक्ष्ण निवडुंगाचा चीक. निशोत्तराची कीर्ती पुढे युरोपियनांपर्यंत गेली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र संवाद लिहिला.

४/ मात्र संहितेतील विरेचन म्हणजे रोज रात्री घ्यायचे चमचाभर चूर्ण नव्हे. आधी स्नेहन, मग स्वेदन, नंतर विरेचन आणि शेवटी आहाराचा क्रम, असा तो वैद्याच्या देखरेखीखालील विधी होता. विरेचन कोणाला देऊ नये याची यादी आणि अतियोगाने होणारे उपद्रवही ग्रंथांत नोंदलेले आहेत. चूर्ण डबीत बंद होऊन दुकानात आले, तेव्हा विधी आणि निषेध दोन्ही मागे पडले.

५/ दुसरा गोंधळ शब्दाचा. सुश्रुताने पित्ताचे स्थान आमाशय व पक्वाशय यांच्या मध्ये सांगितले. ते पित्त म्हणजे पचन घडवणारे अग्नितत्त्व. आधुनिक शरीरशास्त्र मराठीत उतरले तेव्हा यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसालाही ‘पित्त’ म्हटले गेले आणि तो साठवणाऱ्या पिशवीला ‘पित्ताशय’. शिवाय बोलीत छातीतली जळजळही ‘पित्त’ आणि अंगावर उठणाऱ्या गांधीही ‘पित्त’. एका शब्दाच्या छत्राखाली चार वेगळ्या गोष्टी आल्या.

६/ ही गफलत केवळ भारतीय नव्हती. युरोपातही रेचकाने पित्तरस वाहून जातो असे मानत आणि कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध सर्रास देत. १८७० च्या दशकात एडिंबरा येथे विल्यम रदरफोर्ड यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून निरनिराळ्या औषधांनी वाढणारा पित्तस्राव मोजला. कॅलोमेलने रेच होत होता, पित्तस्राव मात्र वाढत नव्हता. रेच होणे आणि पित्तरस वाहणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्यातून दिसले.

७/ आता सोनामुखी. प्राचीन संहितांत ती नाही. अरबी वैद्यकातून ती प्रसिद्धीस आली आणि पुढे दक्षिणेतील तिरुनेलवेलीच्या लागवडीमुळे तेथील पाने जगाच्या बाजारात ‘तिन्नेवेल्ली’ नावाने विकली गेली. तिच्यातील सेनोसाइड ही द्रव्ये मोठ्या आतड्यातील जिवाणूंमुळे सक्रिय होतात. म्हणूनच रात्री घेतलेल्या मात्रेचा परिणाम सहा ते बारा तासांनी, पहाटे दिसतो. तिचे कार्यक्षेत्र पित्ताशयापासून बरेच दूर आहे.

८/ पित्ताशय आकुंचन पावते ते प्रामुख्याने आहारातील स्निग्धांशामुळे. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की ‘कोलेसिस्टोकायनिन’ हे संप्रेरक स्रवते. आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये त्याचा शोध लावला. पित्ताशयात खडे असतील तर तळलेल्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ का येते, याचे उत्तर येथे मिळते.

९/ एक अनपेक्षित निष्कर्षही नोंदवायला हवा. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मार्कस आणि हीटन यांचे संशोधन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. बद्धकोष्ठ असलेल्यांना सोनामुखी देऊन आतड्याची गती वाढवली असता पित्तरसातील कोलेस्टेरॉलची संपृक्तता घटली. म्हणजे मंद आतडे हेच खड्यांना पोषक असू शकते. पण खडे बनण्याची अनुकूलता कमी होणे वेगळे आणि बनलेला खडा विरघळणे वेगळे.

१०/ मग धोका कोठे? पहिला मिश्रणात. हळदीतील कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावते, असे निरोगी व्यक्तींच्या सोनोग्राफीत आढळले आहे. नलिकेत खडा अडकलेला असेल तर असे आकुंचन त्रासदायक ठरू शकते. दुसरा धोका अतिरेकात. सोनामुखी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत आणि तेव्हा होणारी कावीळ वरवर पित्ताशयाच्या विकारासारखीच भासते.

११/ तिसरा आणि सर्वांत मोठा धोका विलंबाचा. कळ येते, ‘गॅस झाला’ म्हणून चूर्ण घेतले जाते. खडा जागचा हलला की कळ आपोआप थांबते आणि श्रेय चूर्णाला मिळते. पुढची कळ ताप आणि पिवळे डोळे घेऊन येते, तेव्हा सूज पित्तनलिकेपर्यंत किंवा स्वादुपिंडापर्यंत पोहोचलेली असू शकते. ही दोन लक्षणे दिसल्यावर घरगुती उपायाला वाव उरत नाही.

१२/ शस्त्रक्रियेचा मार्ग १८८२ मध्ये खुला झाला. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी त्या वर्षी प्रथम पित्ताशय काढून टाकले. भारतात दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया १९९० मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. पोटावरची लांब चीर जाऊन काही छोटी छिद्रे पुरू लागली.

१३/ कायद्यानेही दखल घेतली. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात पित्ताशयातील खड्यांचा उल्लेख आहे. ते बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात निषिद्ध आहे. कारणही आहे. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका रुग्णेची हकिगत आली. ऑलिव्ह तेल आणि लिंबूरसाच्या ‘शुद्धी’नंतर तिला शौचातून पडलेले हिरवे खडे मिळाले. तपासणीत ते त्याच तेलापासून पोटात बनलेले साबणासारखे गोळे निघाले. खरे खडे पित्ताशयातच होते.

१४/ १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, तेही नाशिकलाच. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोन्हींच्या पदव्या तेथून मिळतात. पदेशास्त्रींच्या काळात वैद्याला नाडी आणि लक्षणे यांवरच निदान करावे लागे. आज दोन्ही शाखांच्या चिकित्सकांना सोनोग्राफीचा अहवाल पाहता येतो. सोनामुखीचे पान तेच राहिले आहे. ते कोणी, किती दिवस आणि कोणत्या दुखण्यावर घ्यावे, हा चरकाने विचारलेला प्रश्नही तोच आहे.